बातमीच्या बदल्यात बातमी

हा मजकूर दोनदा नापास झालेला आहे. नापास करणारी मंडळी खडवली स्टेशनापासून आत, रिक्षावाला "यापुढे चालत जा" म्हणतो तिथून पुढे, एका ठाकरपाड्यावर राहतात. त्यांनी ऐकून हो म्हटल्याशिवाय तो छापायचा नाही, अशी अट आहे. ती संपादकांनी घातलेली नाही. जिच्याबद्दल हा मजकूर आहे तिनेच घातलेली आहे. आता तीच नाही, तेव्हा अट सैल करून घ्यायला जाणार तरी कुणाकडे?

ती आमची वार्ताहर होती. कल्याणात एका जुन्या इमारतीच्या जिन्याशेजारच्या दोन खोल्यांतून आमचं साप्ताहिक निघतं. संपादक, जाहिराती बघणारे एक गृहस्थ आणि मी. माझं काम मुद्रितं तपासण्याचं. मी डोंबिवलीत राहते, वाचते, बोलणं कमी. "लोकांना काय विचारायला लागू नये म्हणून तू ही नोकरी धरलीस," असं ती मला म्हणायची, आणि ते खरं होतं. ती विचारण्याचं काम करायची. ठाकर समाजातली, आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, माझ्याहून थोडी लहान. तिच्या पाड्यावर तिला पेपरवाली म्हणत. मी जन्मात कुणाला शिकवलं नसताना ती मला मास्तरीण म्हणायची, कारण माझ्या हातात कायम लाल पेन असे.

भाद्रपदात काविळीचं निमित्त झालं आणि ती गेली. संपादक म्हणाले, "ताई, तिच्यावर तुम्हीच लिहा. सावकाश लिहा." मी इतकं सावकाश लिहिलं की हल्ली ते विचारत नाहीत. सकाळी टेबलाशी आले की फक्त माझ्याकडे बघतात आणि चहा सांगतात.

पाड्याबद्दल लिहिलेलं आधी पाड्यावर वाचून दाखवायचं, हा तिचा नियम आला त्या दिवशीच तिने संपादकांना सांगितला होता. संपादक जुन्या वळणाचे. बातमी छापण्याआधी कुणालाही दाखवायची नाही, हे त्यांनी उमेदवारीत घोकलेलं.

"अहो बाई, ज्याच्याबद्दल बातमी त्यालाच दाखवली तर तो बदला म्हणणार!"

"म्हणू दे की. चुकलं असंल तर बदलू. चुकलं नसंल तर भांडू. भांडण पण पाड्यावरच झालेलं बरं, पेपरात नको."

"आणि उशीर झाला तर?"

"तुमचा पेपर आठवड्यानं निघतो साहेब. उशीर तर झालेलाच असतो."

यावर संपादकांनी चष्मा पुसला होता. ते निरुत्तर झाले की चष्मा पुसतात.

वाचन तिच्या आत्याच्या ओटीवर व्हायचं. आत्यानेच तिला वाढवलेलं. आत्या म्हणजे बारीक चणीची, पण आवाज असा की खालच्या शेतातलं माणूस वर बघेल. ओटीवर बसायचं, तिने वाचायचं, आणि मग जो तो तोंड घालायचा. "मी असा नाय बोललो." "बोललास, पण तेव्हा तू तापला होतास." "मग ताप निघल्यावरचं लिव्ह." असं करून बातमी अर्धी व्हायची किंवा दुप्पट. माझ्याकडे ती यायची तेव्हा कागदाच्या कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या झालेल्या असत.

पण यापेक्षा मोठा नियम दुसरा होता, आणि तो मला उशिरा कळला. माझ्याच खर्चाने कळला, असं म्हणायला हरकत नाही.

पाड्यावर मी पहिल्यांदा गेले ती वाचन कसं चालतं ते बघायला. ओटीवर पाय ठेवला तोच आत्याने विचारलं, "डावा गुडघा कसा हाय?"

मी थांबले. या बाईला मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. शेजारची बाई म्हणाली, "नी लोणच्याचं काय झालं? टाकलं का आईनं?" तिच्या मागून कुणीतरी, "भावाचं नी वहिनीचं जुळलं का परत?" पाणी हातात घेऊन उभा असलेला एक म्हातारा माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "हीच काय ती, भाषणात घोरलेली?"

परतीच्या वाटेवर मी तिला धारेवर धरलं. माझ्या हिशेबाने धारेवर म्हणजे नेहमीपेक्षा थोडं मोठ्याने.

"माझा गुडघा तुझ्या आत्याला कसा माहीत?"

"दिला."

"दिला म्हणजे?"

"बदल्यात. रेशनच्या तांदळाचं कोण काय बोलत नव्हतं. मग तुझा गुडघा दिला, त्यांनी तांदळाचं सांगितलं."

"अगं, पण तो माझा गुडघा आहे!"

"आमच्यात फुकट कुणाचं काय घेत नाय, मास्तरणी. कुणाच्या घरातली गोष्ट घेऊन जायची तर आपल्या घरातली एक ठेवून जायची. माझ्या सगळ्या त्यांना माहीत हायत, मी जन्मले तिथंच. माझ्या गोष्टीला तिथं किंमत नाय. तुझी मात्र चालते. डोंबिवलीची म्हणून."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

मी चपलेतला खडा काढायला वाकले, आणि तिला ते पुरलं.

रस्त्याच्या कामावरच्या मजुरांची बातमी माझ्या भाषणातल्या घोरण्यावर आलेली होती. आश्रमशाळेच्या गळक्या छपराची, भाऊ-वहिनीच्या अबोल्यावर. आईचं लिंबाचं लोणचं त्या वर्षी बुरशीने गेलं, त्यावर तर वनजमिनीच्या दाव्यांची अख्खी मालिका निघाली होती. त्या मालिकेचं पुढे बरंच कौतुक झालं आणि आई ते अंक शेजाऱ्यांना दाखवायची. आपलं लोणचं त्यात आहे हे तिला सांगायचं मी टाळलं. पाड्यावरून मात्र तिच्यासाठी निरोप आला: बरणी उन्हात घालायची, तीही पालथी. आईने घातली. पुढचं लोणचं टिकलं.

हळूहळू मी सामील झाले. पाड्यावर जाण्याआधी ती माझ्याकडे चहाला यायची आणि भिंतीकडे बघत विचारायची, "काय नवीन?" मी आठवून ठेवलेलं असायचं. सोसायटीच्या सभेत खुर्ची मोडली आणि सेक्रेटरी खाली बसले. वाचनालयात मी परत केलेल्या पुस्तकात माझीच भाजीची यादी निघाली. ती ऐकायची आणि पारखायची. "खुर्ची चांगली हाय. यादी नको, त्यात कोण पडत नाय."

संपादकांना हे कळलं तेव्हा ते हादरले. "बातमीत वार्ताहराने स्वतःला आणायचं नसतं."

"बातमीत कुठं आणते? बातमीच्या आधी आणते. नी मला कुठं आणते, हिला आणते."

संपादकांनी चष्मा पुसला.

ठाण्याला एका सरकारी कचेरीत पत्रकारांना बोलावलं होतं. मीही तिच्याबरोबर गेले, कारण मला तिथल्या ग्रंथालयात काम होतं. सभागृहात मोठ्या वर्तमानपत्रांची मुलं पुढे बसलेली, सगळ्यांचे फोन टेबलावर उताणे. साहेब आकडे वाचून थकले आणि म्हणाले, काही प्रश्न? ती उभी राहिली.

"साहेब, जोहार. माझ्या शेळीला परवा दोन पिल्लं झाली."

सभागृहात हसू फुटलं. पुढचा एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, "अरे, ब्रेकिंग न्यूज!" मी खाली बघायला लागले. साहेबही गोंधळले. त्यांना वाटलं असावं, पुढे अनुदानाची मागणी येणार. पण ती काही मागत नव्हती. ती थांबली होती. थांबायचं कसं हे तिला येत होतं. समोरच्याच्या अंगणात उभं राहावं तशी ती उभी राहायची. शेवटी साहेब म्हणाले, "वा. दोन्ही जगली का?"

"जगली. एक काळं, एक पांढरं."

"आमच्या गावाकडे वडिलांची एक शेळी होती," साहेब म्हणाले आणि स्वतःच चकित झाले. "ती फक्त वडिलांनाच दूध काढू द्यायची. वडील बाहेरगावी गेले की आम्ही वडिलांचा सदरा घालून जायचो."

आता सगळे हसले, साहेबही. मग तिने विचारलं की, आमच्या पाड्याकडची नळयोजना कागदावर पूर्ण झाली आहे, तर त्यातलं पाणी नक्की कुणाच्या घरी येतं. साहेबांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे बघितलं. अधिकाऱ्याने कागद चाळले. आणि साहेब सरळ म्हणाले, "आलेलं नाही. मला तिथे यायला लागेल." ते आले, हेही सांगायला हवं. पाड्यावर त्यांना आजही शेळीवाले साहेब म्हणतात. ठाण्याहून येताना मी तिला म्हटलं, हे तू ठरवून करतेस का? तिला प्रश्नच कळला नाही. "त्यांच्या दारात गेलो होतो ना आपण? नुसतं हात पसरून कसं जायचं?"

एकदा मात्र ती आणि संपादक खरंच हमरीतुमरीवर आले. पाड्याच्या खालच्या अंगाला बिबट्या येऊन गेला होता आणि तिची बातमी आली. संपादकांनी शीर्षक दिलं: "बिबट्याची दहशत, पाड्यावर भीतीचे सावट." मुद्रित घेऊन मी बसले होते तेवढ्यात ती आली आणि तिने ते माझ्या खांद्यावरून वाचलं.

"कोण घाबरलं?"

"म्हणजे लोक..." संपादक म्हणाले.

"लोक नाय घाबरले. कोंबडी घाबरली. ती आता नाय, तिला विचारता येणार नाय."

"बाई, बिबट्या वस्तीत शिरला. लोक घाबरणारच."

"वाघबारशीला आमी त्याला नैवेद्य दाखवतो. नारळ फोडतो. रानातला मोठा माणूस हाय तो. येतो, पाणी पितो, जातो. आता एक कोंबडी नेली. तुमच्याकडं पाहुणा आला नी त्यानं एक लाडू जास्त खाल्ला, तर तुमी दहशत लिव्हाल?"

"पण बिबट्याला पाहुणा म्हणायचं?" संपादकांचा आवाज चढला. "उद्या मूल उचललं तर?"

तिने शीर्षकावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "उचललं तर मीच लिव्हीन. तेव्हा तुमचं शीर्षक लावा. आज जे झालं नाय ते आज कशाला?"

शेवटी छापलं गेलं ते असं: "बिबट्याने कोंबडी नेली, पाड्यावर शांतता." माझ्या माहितीत आमच्या साप्ताहिकाचं ते सगळ्यात जास्त फोटो काढले गेलेलं शीर्षक. शहरातल्या लोकांनी ते विनोद म्हणून एकमेकांना पाठवलं. पाड्यावर ते ओटीवर वाचलं गेलं तेव्हा कुणीही हसलं नाही. बरोबर आहे, असं म्हणून सगळे उठले. कोंबडीची मालकीण तेवढी म्हणाली की, कोंबडी चांगली होती हेही टाकायला हवं होतं.

माझी आई गेली ती त्याच्या पुढच्या वर्षी. दवाखान्यातून मी घरी आले तर जिन्यात ती बसलेली. कुणी कळवलं माहीत नाही. आत आली, ओट्याशी गेली, भात टाकला. येणाऱ्याजाणाऱ्याला तिने "बसा" म्हटलं आणि पाणी दिलं. माझ्या आत्तेबहिणींना वाटलं, मी कामाला बाई ठेवली आहे, आणि तिने ते त्यांना तसंच वाटू दिलं. सगळे दिवस ती होती. त्या दिवसांत तिने मला एकही प्रश्न विचारला नाही, वार्ताहर असून. जाताना माझ्या डोक्याला तेल लावून गेली. नंतरही चहाला यायची, भिंतीकडे बघायची, पण "काय नवीन?" हे बरेच महिने विचारलं नाही. मग एकदा विचारलं, आणि मी सांगितलं की सेक्रेटरींनी खुर्ची बदलून घेतली.

त्यानंतर मी पाड्यावर गेले नाही. कुठेच फारशी जात नव्हते. पुन्हा गेले ती थेट तिच्यावरचा मजकूर घेऊन, तिचं दिवसकार्य उरकल्यावर.

पहिला मजकूर वाचायला मी ओटीवर बसले तेव्हा ती बसायची ती जागा मोकळी ठेवून बसले. आत्या म्हणाली, "सरक. वारा लागतो तिकडं." म्हणून मी तिच्या जागी बसले.

तो मजकूर आता मला आठवत नाही असं मी म्हणते, पण आठवतो. त्यात दर परिच्छेदात तिचं नाव होतं, आडनावासकट. पहिल्याच वाक्यात मी तिला पत्रकारितेतला दीपस्तंभ म्हटलं होतं.

आत्याने हात वर केला. "ते काय?"

"दीपस्तंभ. समुद्रात असतो. दिव्याचा उंच खांब. जहाजांना वाट दाखवतो."

"ती कधी समुद्राकडं गेलेली?"

"नाही."

"उंच पण नव्हती," म्हातारा म्हणाला.

"नी दिव्याचं म्हणशील तर," लोणच्याची चौकशी करणारी बाई म्हणाली, "चार्जिंग करायला विसरायची. फोन कायम बंद."

मी दीपस्तंभावर लाल रेघ मारली. पुढे वाचलं. आत्याने पुन्हा हात वर केला. "किती वेळा नाव घेशील तिचं? उचकी लागंल तिला."

"तिच्यावरच आहे ना हे, आत्या."

"तिनं कधी एकाचंच नाव मोठं करून लिव्हलं? विहीर खणली तर पाड्यानं खणली, असं लिव्हायची. नाव टाकलं की तो एकटा वर जातो नी बाकीचे खाली राहतात. तिला वर नको चढवू. इथंच राहू दे, आमच्यात. नाव काढ."

"मग लोकांना कळणार कसं, कुणाबद्दल आहे?"

"ज्यांना कळायचं त्यांना कळंल. नी तुझं पण काढ. तुझ्या साहेबाचं पण."

म्हणून या मजकुरात कुणाचंही नाव नाही. मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला, पण एका मजकुरातून इतकी विशेषनामं एकदम कधी काढली नव्हती. परत येताना बघितलं तर कागदावर माझ्यापेक्षा लाल शाईच जास्त होती.

दुसरा मजकूर बराचसा वर आहे तसा होता. शेळी होती, कोंबडी होती, चष्मा होता. ओटी हसली. आत्याने दोनदा पदर तोंडाला लावला. कोंबडीच्या मालकिणीने, आता तरी कोंबडी चांगली होती हे टाक, म्हणून सांगितलं. (कोंबडी चांगली होती. अंडी रोज द्यायची.) मला वाटलं, झालं. कागद घडी घालायला लागले.

"तिचं सगळं घेतलंस," आत्या म्हणाली. "बदल्यात काय आणलंस?"

मी काही आणलं नव्हतं. म्हणजे करंजीचा डबा आणला होता, पण प्रश्न डब्याचा नव्हता. मी म्हटलं, "गुडघा अजून दुखतो."

"माहीत हाय."

"उजवाही दुखायला लागलाय."

"ते पण माहीत हाय. आषाढात सांगून गेली."

भावाचं सांगितलं. माहीत होतं. वाचनालयातली भाजीची यादीसुद्धा माहीत होती. म्हणजे नको म्हणाली तरी तिने ती कधीतरी अडचणीत खपवलेली होती. मी एकेक काढत गेले आणि ओटी एकेक परत करत गेली. माझं सगळं आयुष्य तिने इथे आधीच आणून ठेवलेलं होतं. इतकं कुणाला माहीत असेल याची मला कल्पना नव्हती, आणि खरं सांगायचं तर ते आयुष्य एका ओटीवर आरामात मावलं होतं.

"ती गेल्यानंतरचं सांग," आत्या म्हणाली. "ते आमाला नाय माहीत."

"ती गेल्यापासून काही झालंच नाही, आत्या."

आत्याने माझ्याकडे बघितलं. "मग छापायची घाई कशाला? होऊ दे काय तरी. मग ये."

असा तो दुसऱ्यांदा नापास झाला. संपादकांना सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसणार असं मला वाटलं, पण ते म्हणाले, "मग काहीतरी घडवलं पाहिजे," आणि मला दिवा स्टेशनाजवळच्या वस्तीत पाठवलं. पाणीटंचाईची बातमी हवी होती आणि वार्ताहर कुणी उरला नव्हता. मी म्हटलं, मी मुद्रितं तपासते. ते म्हणाले, माणसंही तपासून बघा एकदा.

दिव्यात एका चाळीपुढे टँकरची वाट बघत बायका रांगेत होत्या. हंडे, कॅन, एकीचा तर बाळाचा टबच. मी पेन काढून उभी राहिले आणि वहीवर फक्त तारीख लिहिली. पिवळ्या ओढणीतली एक मुलगी म्हणाली, "काय आंटी, फोटो काढायला आलात? मागच्या वेळी पण एक भाई फोटो काढून गेला. फोटोत पाणी आलं, नळात नाय आलं."

"नाही, विचारायला आले होते..."

"विचारा ना मग. टँकरवाल्याला विचारा, कधी येतो. आम्हाला काय विचारता?"

आणि सगळ्यांनी पाठ फिरवली. मी परत फिरणार होते. पण कुणाच्या तरी दारात नुसती हात पसरून उभी आहे असं माझं मला दिसलं, आणि तोंडातून निघून गेलं:

"काल मी माझ्या दाताची टोपी गिळली."

पाठी वळल्या. "क्या?"

"दाढेवर टोपी बसवली होती. चिक्की खाताना निघाली आणि चिक्कीबरोबर आत गेली. डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, काळजी करू नका, बाहेर येईल. लक्ष ठेवा."

मग पिवळ्या ओढणीतली मुलगी हंड्यावर बसली आणि तिने हंड्यावर हात मारले. रांगेच्या टोकाला काय झालं ते कळेना, म्हणून तिकडून विचारणा झाली, आणि माझी टोपी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात अशी शेवटपर्यंत गेली. एकीने मला बसायला उपडा कॅन दिला. दुसरी म्हणाली, "अगं, माझ्या सासूने कानातलं गिळलेलं," आणि तिथून बोलणं पाण्यावर आलं ते टँकर येईपर्यंत थांबलं नाही. टँकर आल्यावरही पिवळ्या ओढणीतली मुलगी भरलेला हंडा घेऊन माझ्याजवळ उभी राहिली. "आंटी, हे पण लिहा," म्हणत राहिली.

बातमी छापून आली. ती छापण्याआधी मी दिव्याला जाऊन रांगेत वाचून दाखवली, हे संपादकांना नंतर कळलं. त्यांनी चष्मा पुसला, पण काही म्हणाले नाहीत.

मग गेल्या रविवारी मी पाड्यावर गेले. थंडी पडली आहे, ओटीवर ऊन होतं. मजकूर वाचला. शेवटी आत्याने काही विचारायच्या आत मी टोपीचं सांगितलं, दिव्यासकट, सासूच्या कानातल्यासकट.

ओटीचं काय झालं ते मी लिहीत नाही. म्हाताऱ्याला ठसका लागून पाणी द्यायला लागलं. लोणच्याची बाई आत जाऊन पुन्हा बाहेर आली, कारण आत एकटीने हसण्यात मजा नव्हती. आत्या सगळ्यात शेवटी थांबली. डोळे पुसले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मग? आली?"

"अजून नाही."

"लक्ष ठेवतेस ना?"

"ठेवते."

"चांगली हाय," आत्या म्हणाली. पेपरवाली जशी पारखायची तशीच मान करून म्हणाली. "छाप."

मी कागद पिशवीत ठेवले. निघताना आत्याने आतून एक फडकं आणलं, त्यात करांदे, रानातले कंद, बांधलेले. वर अजून माती होती.

"हे तुझ्या आईला दे. उकडून मीठ लावून आवडतात ना तिला? पेपरवाली सांगायची."

मी गाठोडं हातात धरून उभी राहिले. मला वाटलं होतं, यांना ठाऊक आहे. म्हणून आई गेल्याचं मी मजकुरात घातलंच नव्हतं; वर आहे तो परिच्छेद नंतरचा. गुडघ्याचं ठाऊक, यादीचं ठाऊक, तर हे ठाऊक असणारच. माझ्यापुढे तो विषय काढत नाहीत ही त्यांची रीत, असं धरून मी चालले होते, आणि मनातून त्यांचे आभारही मानले होते.

"आत्या, आई नाही. जाऊन दोन वर्षं झाली."

म्हाताऱ्याने भांडं खाली ठेवलं.

"पेपरवालीला माहीत होतं?"

"होतं. माझ्याजवळच होती ती. सगळे दिवस."

आत्या माझ्याकडे बघत होती, पण बोलली ती बाकीच्यांशी. "ऐकलंत? हिचा गुडघा सांगते, हिचं लोणचं सांगते, हिचं घोरणं सांगते, नी एवढी मोठी बातमी दाबून ठेवते. दोन वर्षं! नी म्हणं पेपरवाली!" तिचा आवाज खालच्या शेतापर्यंत गेला असणार. मग तो उतरला. "तुझं होतं ते. तिनं नाय हात लावला."

मी गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"हे पण लिव्ह त्यात."

"मग पुन्हा वाचायला यावं लागेल."

"ये की. रस्ता काय उचलून नेलाय?" तिने गाठोडं माझ्या हातातून घेतलं, उघडलं आणि अर्धे करांदे काढून ओटीवर ठेवले. "एकटीला एवढे कशाला, नासतील." गाठ मारली. मला परत दिलं. मग तिला काहीतरी आठवलं. पुन्हा गाठोडं ओढून घेतलं आणि ओटीवरचे सगळे करांदे एकेक करून परत आत टाकले.

"सगळे ने. रोज खा. पोट साफ होतं," ती म्हणाली. "नी टोपी आली की आधी इथं सांगायचं. पेपरात नंतर."